रांगेतल्या सगळ्यांना जोहार

भद्रावतीत आमच्या खोलीच्या वर एक कुटुंब राहतं. त्यातला माणूस खाणीतून ड्युटी करून आला की टाचा आपटत चालतो. खाली आमची भांडी थरथरतात. माझा नवरा चिडतो. म्हणतो, वर जाऊन सांगू का त्याले? मी म्हणते, राहू द्या. पोळी लाटता लाटता माझा हात थांबलेला असतो. नवऱ्याला ते दिसतं. इतक्या वर्षांत त्याला कळून चुकलंय की असं टाचा आपटत चालणारा आणखी एक माणूस होता, आणि तो माझा बाबा होता.

आमचं गाव वैनगंगेच्या पल्याड, सावली या गावावरून नदी ओलांडली की धानाच्या बांध्या मागे टाकत टाकत जंगलात शिरायचं, तिथं. बाबा जन्मभर अनवाणी चालला. मी चप्पल आणून दिली तर ती हातात धरून चालायचा, झिजन म्हणे. वाटेवर तो दिसायच्या आधी त्याचे पाय ऐकू यायचे. धप, धप, धप. तो आवाज आला की आई हंडीवरचं झाकण काढायची, कुत्रं शेपूट हलवत उठायचं आणि मी ज्या झाडावर असेन त्यावरून उतरायची. आई चिडवायची, "तुमी शिकारीले नका जात जाऊ बापा, तुमी निघाले का सशाले आधीच कळते." लग्नाच्या मांडवात रेला नाचायला गोल धरला आणि बाबा त्यात शिरला, की बाया एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. आता जमीन हालते पाहा! आणि खरंच हालायची. मला तरी तसं वाटायचं, मी लहान होते.

मला बाबाचा चेहरा आठवायला डोळे मिटावे लागतात. पाय आठवायला काही करावं लागत नाही.

मी गडचिरोलीला नर्सिंग शिकत होते तेव्हा गावाकडच्या रस्त्याचं काम सुरू झालं. ठेकेदाराचा रोलर जंगलातल्या लोकांनी जाळला. जंगलातले लोक म्हणजे कोण, हे आमच्याकडे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही. दुसऱ्या दिवशी बंदूकवाले जवान आले आणि जो दिसला त्याला उचलून घेऊन गेले. सुक्याबरोबर ओलंही जळतं. बाबा मोहाच्या झाडाखाली सापडला. टोपल्यात फुलं होती, बाकी त्याच्याजवळ काही नव्हतं. आमच्या भागात जे चालतं त्याला कोणी लढाई म्हणतं, कोणी म्हणतं छे, लढाई कसली. लढाई असली तर पकडलेल्या माणसाला कसं ठेवायचं याचे काही नियम असतात म्हणे. आमच्या वाट्याला ना धड लढाई आली, ना नियम.

ठेकेदारानं सिमेंट ठेवायला टिनाचं शेड उभं केलं होतं. त्यात बाबाला ठेवलं. जवानांच्या तोंडाला काळी फडकी बांधलेली. एक साहेब खुर्चीवर बसला होता, त्याच्याही तोंडाला फडकं. तो फार बोलायचा नाही. मध्ये मध्ये एवढंच म्हणायचा, "और." दोन जवान पाय धरायचे आणि ठेकेदाराचा चौकीदार फावड्याचा दांडा तळव्यांवर मारायचा. त्याचं एकट्याचं तोंड उघडं होतं. ठेकेदाराच्या माणसाला फडकं कोण देणार?

बाबाला सोडलं तेव्हा मला निरोप आला आणि मी गावाला धावत गेले. तो नाल्यावर गेलाय, असं आईनं सांगितलं. मी अंगणात बसून वाटेकडे कान लावला. बसले, बसले. आणि एकदम पाठीमागून कोणी म्हणालं, "कवा आलीस व माय?" बाबा माझ्या मागे उभा होता. आवाज न करता आला होता. पाऊल आडवं करून, कडेवर भार देत, अंगणातून चालत आला होता आणि मला ऐकूच आलं नव्हतं. कुत्रंसुद्धा उठलं नव्हतं. मला ओरडून रडावंसं वाटलं, पण नर्सिंगची पोरगी ना मी! मी पाणी गरम केलं आणि त्याचे तळवे पाहिले. ते कसे होते हे मी सांगणार नाही. कोर्टात सांगितलं आहे, तेवढं पुरे.

तळवे शेकताना बाबा म्हणाला, "एक गोष्ट समजली नाई मले."

"कोनती?"

"त्यानंच मारलं, अन् सांजच्याले जवान जेवाले गेले त डब्यात पाणी आणून त्यानंच पाजलं. मान धरून पाजलं, माय. मंग मारलं काऊन? त्याले एवढंच इचाराचं हाय."

माझं डोकं फिरलं. "पाणी पाजलं म्हणून का त्याची आरती करतोस, बाबा?"

"आरती नाई करत. इचाराचं हाय म्हणतो."

झालं. त्या दिवसापासून माझ्या बाबाला जगात एकच गोष्ट हवी होती. त्या माणसानं आमच्या गावच्या बैठकीत येऊन बसावं, मी मारलं म्हणावं आणि काऊन मारलं ते सांगावं. मला मात्र तो जेलात हवा होता. आणि त्याच्याही आधी तो खुर्चीवाला.

आता खुर्चीवाल्याचं सांगते. तुकडी बदलून गेली. कुठं गेली, विचारलं तर सांगता येत नाही म्हणत. तोंड पाहिलं का? नाही, फडकं होतं. मग तक्रार कोणावर लिहायची, बाई? चौकशी झाली म्हणे. ती त्यांच्याच माणसांनी केली, उंदराला मांजर साक्ष. राहिला चौकीदार. ठेकेदारानं कानावर हात ठेवले, म्हणाला, तो जवानांच्या हुकमानं वागत होता, माझा काय संबंध? तिकडे साहेब लोक म्हणाले, तो आमच्या दलाचा नाही, ठेकेदाराचा आहे, त्यालाच विचारा. मी एका ऑफिसात म्हटलं, मग साहेब, माझ्या बापाच्या पायांनाच विचारा, तो कोणाचा होता. मला बाहेर बसायला सांगितलं. मी बाहेर बसले नाही, दारातच उभी राहिले.

चंद्रपूरच्या एका वकीलबाईंनी मनावर घेतलं. त्या फटकळ होत्या, म्हणून आमचं जमलं. त्यांनी लढून लढून तो चौकीदार तरी पकडायला लावला. तो सिंदेवाहीकडचा निघाला, दुसऱ्याच्या बांधीत धान रोवणारा, रस्त्याचं काम निघालं म्हणून चौकीदारीला लागलेला. एवढ्या मोठ्या जाळ्यात शेवटी तीच एक मासोळी सापडली. वकीलबाई म्हणाल्या, "धागा हाती आलाय. हा बोलला तर खुर्चीवाल्याचंही नाव निघेल. पण आधी तुमच्या बाबांनी याला ओळखायला हवं."

ते ओळखणं जेलात होतं. एकसारखी दिसणारी माणसं रांगेत उभी करतात, त्यात तो असतो. साक्षीदारानं जाऊन त्याच्या खांद्याला हात लावायचा. तहसीलचा एक अधिकारी हजर असतो, तो लिहून घेतो. वकीलबाईंनी हे बाबाला पुन्हा पुन्हा समजावलं. बाबा मान हलवत होता. "समजलं जी," म्हणत होता. आणि समजलंच होतं त्याला. अडचण ती नव्हतीच.

बाबानं धुतलेलं धोतर नेसलं, डोक्याला नवा शेला बांधला. आम्ही एसटीनं गेलो. मला आत जाऊ देणार नव्हते. मी समोरच्या चहाच्या टपरीवर बसले. तिथले चाचा म्हातारे होते, टोपी घालायचे, जेलाच्या दारात ताटकळणारे लोक त्यांनी जन्मभर पाहिलेले. "बेटी, बिस्कुट खा," म्हणाले, "भुकेल्या पोटानं वाट लांबते." मी बिस्कीट खाल्लं आणि फाटकाकडे पाहत राहिले.

बाबा बाहेर आला तो त्याच्या त्या नव्या चालीनं, आवाज न करता. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. कोडं पडल्यासारखा दिसत होता.

"होता का तो?"

"होता ना."

"मंग? लावला ना हात?"

"जोहार केला." बाबा बाकावर टेकला. "सगळ्याईले केला. अन् खाली बसलो. कोणी बोल म्हटलंच नाई."

चाचांना काही कळलं नाही. मला मात्र सगळं कळलं आणि माझ्या हातातला कप कलंडला.

आमच्या गावच्या बैठकीची रीत सांगते. ज्याला गाऱ्हाणं सांगायचं आहे तो येतो आणि आधी बसलेल्या सगळ्यांना जोहार करतो. नुसते हात जोडून नाही. एकेकाचा हात दोन्ही हातांत घेऊन. ज्याच्यावर गाऱ्हाणं आहे त्यालाही. त्याला तर आधी! एकालाही वगळलं तर त्याचा अपमान होतो. मग तो जमिनीवर बसतो. मग गावचा भूमिया, म्हणजे आमच्या गावाचा म्होरक्या, त्याला म्हणतो, बोल. त्या 'बोल'च्या आधी जे तोंडातून निघेल ते भांडण, गाऱ्हाणं नव्हे. ते कोणी धरत नाही. आणि समोरचा जोवर उत्तर देत नाही तोवर गोष्ट मिटत नाही.

बाबानं जेलात हेच केलं होतं. रांगेतल्या सगळ्यांचे हात हातात घेतले, जोहार, जोहार म्हणत टोकापर्यंत गेला. मग तो रांगेसमोर फरशीवर मांडी घालून बसला आणि अधिकाऱ्याच्या तोंडाकडे पाहत राहिला. अधिकाऱ्यानं विचारलं, झालं? बाबाला वाटलं, जोहार झाला का विचारतो. म्हणाला, झालं जी. सगळ्यांनाच हात लावला, असं अधिकाऱ्यानं लिहिलं आणि सही केली. रांग मोडली. बाबा म्हणाला, "आता बोलू का?" तर कारकून म्हणाला, "संपलं, बाबा. उठा."

"अरे बाप्पा," मी डोक्याला हात लावला. "तुले सांगतलं होतं ना, त्याच्या एकट्याच्या खांद्याले हात लाव म्हणून!"

"लावणारच होतो. पण जोहार न करता कसा लावू? पाणी पेलो मी त्याच्या हातचं."

"अन् बाकीचे? त्याईनं का पाजलं होतं?"

"बाकीचे माणसं नाई का, त्याईले सोडाले?" बाबाला माझंच नवल वाटत होतं. "मधात एकाले जोहार अन् बाजूच्याले नाई? असं कुठी असते?"

चाचांनी माझा कप उचलला, फडक्यानं बाक पुसलं आणि दुसरा चहा ठेवला. परतीच्या गाडीत बाबा खिडकीतून बांध्या पाहत होता. मध्येच म्हणाला, "हाताले घट्टे होते त्याच्या." मी तोंड फिरवलं.

पुढे केस उभी राहिली. बाबानं कोर्टात पिंजऱ्याकडे बोट केलं, हाच तो. समोरचा वकील गालातल्या गालात हसत उठला.

"तुम्ही जेलात माझ्या अशिलाचा हात हातात घेतला?"

"हो जी."

"प्रेमानं?"

"जोहार केला जी."

"रांगेतल्या सगळ्यांचे हात घेतले?"

"हो जी."

"म्हणजे सगळ्यांनीच मारलं तुम्हाला?"

लोक हसले. बाबाही थोडा हसला, त्याला ते गमतीचं वाटलं. "नाई जी. मारलं यानंच. पण मले कोणी बोल नाई म्हटलं."

"आणि ज्यानं तळवे फोडले त्याचा हात कोणी हातात घेतो?"

बाबानं वकिलाकडे असं पाहिलं, जसा शाळेत न गेलेल्या पोराकडे मास्तर पाहतो. "मंग जोहार न करता तुमच्याकडे गाऱ्हाणं कसं सांगते?"

वकीलबाईंनी जीव तोडून सांगितलं, ही यांची रीत आहे. समोरचे म्हणाले, कायदा रीतीवर चालत नाही, बाप दाखव नाहीतर श्राद्ध घाल. संशयाचा फायदा मिळाला. चौकीदार सुटला. त्याच्याबरोबर खुर्चीवाल्यापर्यंत जाणारा धागाही तुटला. ठेकेदारानं दुसरीकडच्या रस्त्याचा ठेका घेतला.

व्हरांड्यात तो चौकीदार भिंतीला टेकून उभा होता, सुटल्यासारखा दिसत नव्हता. बाबा पावलांच्या कडांवर चालत त्याच्याकडे गेला. मी मागे धावले, मला वाटलं, आता तरी बाबा एक ठेवून देईल. बाबानं पुन्हा त्याचा हात हातात घेतला. "जोहार. गावाले ये, बापू. बैठकीले ये. तुले कोणी काई नाई करत. फक्त सांग." त्या माणसानं खाली पाहून मान हलवली. मग त्याची माणसं त्याला घेऊन गेली.

"मान हलवली त्यानं," बाबा मला म्हणाला. मोठ्या खुशीत होता. सुटका जणू त्याचीच झाली होती.

गोटुलसमोर, म्हणजे गावाच्या सामाईक घरासमोर, जिथं आमची बैठक भरते, तिथं बाबानं सागाचा एक ओंडका आणून ठेवला. वरचा भाग तासून सपाट केला. शहरातल्या जेलात राहिलेला माणूस, जमिनीवर बसला त गुडघे दुखतीन त्याचे, म्हणे. दर बैठकीला बाबा आधी जाऊन तो ओंडका झाडायचा. पोरं त्यावर बसली तर उठवायचा. भूमिया विचारायचा, "आला का पाहुणा?" बाबा म्हणायचा, "नाई आला. येईन." बाकी लोक नांगर, तळं, मोहाची वाटणी यांवर बोलायचे. बाबा त्या ओंडक्याशेजारी बसून राहायचा.

मी लग्न होऊन भद्रावतीला आले, दवाखान्यात लागले. गावी गेले की भांडायची. "बाबा, कायले वाट पाहून राह्यलास? तो नाई येत. त्याले का पडली हाय?"

"लाज वाटत असन त्याले. लाज सरली का येईन."

"अन् तो खुर्चीवाला? त्याले लाज हाय का?"

बाबा म्हणायचा, "त्याचं तोंडच नाई पाह्यलं मी. ज्याचं तोंड नाई पाह्यलं, त्याले बोलवाचं कसं?"

मी निघताना बाबा वाटेपर्यंत पोचवायला यायचा. मी पुढे आणि तो मागे. मी पुन्हा पुन्हा वळून पाहायची, कारण मागे कोणी आहे की नाही हे ऐकून कळत नव्हतं. शेवटी शेवटी मीच त्याच्या मागून चालायला लागले.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेला. मोह टपटपत होता. त्याला न्यायला सगळं गाव आलं. मातीचं काम झालं, पुढचं सगळं रीतीनं झालं आणि मग बैठक भरली. मी बायांच्या मागे बसले होते. ओंडका तिथंच होता. तो कोणी झाडला नव्हता, वर पानं पडली होती आणि एक बकरी त्यावर पुढचे पाय ठेवून फांदी ओढत होती. मी उठले, बकरीला हाकललं, पदरानं ओंडका पुसला. मग काय झालं मला, कोण जाणे. गोटुलच्या मागे लाकडं रचली होती, त्यातला एक ओंडका मी ओढत आणला आणि पहिल्याच्या शेजारी ठेवला.

"हा कोनाचा, बाई?" भूमियानं विचारलं.

"खुर्चीवाल्याचा. तोंड पाह्यलेलं नसलं तरी त्याले बसाले जागा पाह्यजे."

मग तिसरा आणला. तोवर दोघं जण उठून हात लावायला आले होते.

"हा?"

"ठेकेदाराचा."

कोणी हसलं नाही. भूमिया म्हातारा झालाय, त्याला नीट दिसत नाही. त्यानं मान वर केली आणि माझ्या दिशेनं पाहिलं. त्यानं काही विचारायच्या आधी मी चालायला लागले. बसलेल्या एकेकाचा हात हातात घेतला. जोहार. बायांचे, म्हाताऱ्यांचे. मग तीन ओंडक्यांपाशी आले. ज्या रीतीपायी कोर्टात माझ्या बापाचं हसं झालं, त्या रीतीचा मला किती राग होता! मी वाकले आणि तिन्ही लाकडांना दोन्ही हात लावले. जोहार. जोहार. जोहार. मग जमिनीवर बसले.

भूमिया म्हणाला, "बोल."

बाबानं जेलाच्या फरशीवर बसून ज्याची वाट पाहिली तो शब्द, बाबा गेल्यावर मला मिळाला. मला रडू आवरेना. बायांनी थांबू दिलं. मग मी बोलले. टिनाचं शेड, फडकी, और, दांडा, डब्यातलं पाणी, सगळं. आणि कोर्टात कोणी विचारलं नव्हतं तेही बोलले, की माझ्या बाबाचे पाय वाजायचे आणि मग वाजेनासे झाले. की मला ते पाय पाहिजेत. अजून पाहिजेत.

मी थांबल्यावर भूमिया ओंडक्यांकडे वळला. "जोहार, भाऊ हो. तिचं आयकलं. आता तुमी बोला."

सगळे थांबले. खरोखर थांबले, जसं माणूस समोर असल्यावर थांबतात. मोहाच्या झाडाखाली कोणाचा पाय वाजला नाही. मग भूमिया म्हणाला, "आज नाई आले. पुढच्या बैठकीले पुन्हा इचारू." आणि तळ्याचा विषय निघाला.

ओंडके तिथंच आहेत. पावसात भिजतात, त्यांना कोणी चुलीत घालत नाही. बैठक झाली की भूमियाचा नातू फोन लावून देतो. वर तो खाणीवाला टाचा आपटत फिरत असतो, म्हणून मी फोन कानाला घट्ट दाबते.

"आले का कोणी?" मी विचारते.

"नाई, बाई."

"पण इचारलं ना?"

"इचारलं," भूमिया म्हणतो. "तिघाईलेही इचारलं."